बाह्य-घटिका-मीमांसा

महागड्या सीडी प्लेअरशेजारी त्याच्याच आकाराची, आणि बरेचदा त्याच्याच तोडीच्या किमतीची, आणखी एक पेटी ठेवावी की नाही, हा प्रस्तुत मीमांसेचा विषय. या पेटीला घड्याळ म्हणतात. तिच्यावर किती वाजले ते दिसत नाही. (हा आक्षेप बाळबोध असल्याने येथे विचारात घेतलेला नाही.)

आधी प्रमेय. सीडीवरचं संगीत सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत चिरलेलं असतं. हा आकडा २१० चा वर्ग, म्हणजे २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकार. एवढी शोभिवंत संख्या कुणा गणितज्ञाने सुचवली असेल असं वाटतं, पण ती आली व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीचं डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. फील्डला २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड, रेषेला ३ नमुने. करा गुणाकार. हे नमुने नेमक्या क्षणी बाहेर पडले पाहिजेत. मागेपुढे झाले की त्याला जिटर म्हणतात. २०,००० हर्ट्झचा पूर्ण ताकदीचा स्वर घेतला, तर साधारण १२० पिकोसेकंदांच्या चुकीने १६ बिटांतली अर्धी पायरी हुकते. एका पिकोसेकंदात प्रकाशसुद्धा ०.३ मिलिमीटरच सरकतो. असो.

पूर्वपक्ष असा : ही वेळ पाळणारा प्लेअरमधला क्वार्ट्झ स्फटिक मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या शेजारात नांदतो, त्याला वेगळं बिऱ्हाड करून द्यावं. जपानच्या एसोटेरिकने त्या बिऱ्हाडात थेट रुबिडियमचं अणुघड्याळ आणून बसवलं. इंग्लंडच्या डीसीएसने तर ‘स्कारलाटी’ हा एकच प्लेअर चार पेट्यांत विभागला. त्यातली एक पेटी घड्याळाच्या वाट्याला आली.

उत्तरपक्ष म्हणतो, रुबिडियमची ख्याती दीर्घकाळ न चुकण्याची. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत ५० भाग धरली, तरी ७४ मिनिटांची सीडी पाव सेकंदही उशिरा संपणार नाही. हा उशीर ज्याच्या लक्षात येईल, तो संगीत ऐकत नसणार. सुरांना बाधते ती क्षणाक्षणाची थरथर, आणि तिला आवर घालायला डॅकला (आकड्यांचा ध्वनिसंकेत करणाऱ्या भागाला) चिकटून बसलेला चांगला स्फटिकच बरा. केबलमधून आलेली टिकटिक प्लेअरला आत पुन्हा सावरून घ्यावी लागते, आणि त्या कामावर बहुधा स्फटिकच असतो. त्यातून अणुघड्याळं देतात १० मेगाहर्ट्झ, म्हणजे नुसता २ आणि ५ यांचा गुणाकार. ४४,१०० मधल्या ३ आणि ७ शी त्याची ओळखच नाही. एक कोटीला ४४,१०० ने भागा, उत्तर २२६.७५७ च्या पुढे लोंबत राहतं.

अपवाद नोंदवणं न्यायाचं. स्टुडिओत अनेक यंत्रं एकत्र चालतात, तिथे सामाईक घड्याळ हवंच. घरीही डिस्क फिरवणारी पेटी आणि डॅक वेगळे असतील, तर दोघांना एकाच ठेक्यावर चालावं लागतं. म्हणजे पेट्या वेगळ्या केल्याने उपजलेली अडचण आणखी एका पेटीने दूर होते.

घड्याळाची केबल ५० ओमची की ७५ ची, यावर दोन पंथ आहेत. हा श्रद्धेचा प्रश्न वाटतो, पण उत्तर यंत्राच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. रुबिडियम तापून स्थिर व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणून निष्ठावंत ते कधी बंदच करत नाहीत. वीजबिल भरणाऱ्यांचा पक्ष अद्याप ऐकून घेतलेला नाही.