शेंगदाण्यांचे नीतिशास्त्र

दुसऱ्याच्या फजितीने होणारा आनंद ही मनाची अवस्था आहे की तोंडात टाकायचा पदार्थ, या प्रश्नाचा निकाल हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेने केव्हाच पदार्थाच्या बाजूने लावला आहे. त्या बोलीत अशा आनंदाला 'सिक फा-संग', म्हणजे 'शेंगदाणे खाणे', म्हटले जाते आणि दोघांची जुंपली असता मध्यस्थीला न जाता जो फुकटच्या नाटकाला बसावे तसा बसतो, तो 'फा-संग-याऊ', म्हणजे दाणेखाऊ गडी, ठरतो. या व्यवस्थेची सोय अशी, की आपत्ती परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर पडते आणि प्रेक्षकाचा खर्च दाण्यांपुरताच राहतो; आगगाडीत दाण्यांनाच 'टाइमपास' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा हिशेब वेगळा समजावण्याची गरज नाही.

सभ्य लेखनात मात्र टरफले दिसू नयेत म्हणून अभिजात चिनीतली चार अक्षरी संज्ञा पुढे केली जाते. तिचा कँटोनीज उच्चार साधारण 'हंग चोइ लोक वो' असा असून आपत्तीने सुखावणे आणि संकटात रमणे अशा जवळजवळ एकाच अर्थाच्या दोन जोड्या तिच्यात आहेत, कारण एवढा आनंद एका क्रियापदात मावत नसावा.

संज्ञेच्या पूर्वार्धाचे मूळ 'त्सो च्वान' या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. इ.स.पूर्व 647 मध्ये जिन राज्यात दुष्काळ पडला तेव्हा शेजारच्या छिन राज्याने नावा भरभरून धान्य पाठवले. पुढच्याच वर्षी दुष्काळाची पाळी छिनवर आली, तेव्हा जिनचा अधिपती ह्वेइ याने हात आखडता घेतला आणि छिंग चंग या मंत्र्याने, शेजाऱ्याच्या आपत्तीत सुख मानणे माणुसकीला सोडून आहे, असे त्याला बजावले. इ.स.पूर्व 645 मध्ये छिनने स्वारी केली, ऐन लढाईत ह्वेइचा रथ चिखलात रुतला आणि मदतीसाठी त्याने हाक मारली ती नेमकी या मंत्र्याला. परक्या संकटात सुख मानणे निषिद्ध ठरवणाऱ्या या नीतिज्ञाने, सल्ला न ऐकल्याचे हे फळ, अशा अर्थाचे सुनावले आणि तो चालता झाला. ह्वेइ कैद झाला, पण सुटून परतल्यावर राजधानीत पाऊल टाकण्यापूर्वी त्याने मंत्र्याला ठार करवले.

भुईमूग दक्षिण अमेरिकेतून चीनमध्ये पोहोचायला त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, त्यामुळे मंत्र्याने हा खेळ रिकाम्या तोंडाने पाहिला, हे इतिहासाला मान्य करावे लागेल.