एक लेआऊट आधीचे

यवतमाळात घर बांधायला घेतलं की पाया खणायच्या आधी चौकशी होते. समोरच्या फाटकावर हात टेकवून काकाजी विचारतात, "मूळचे कुठले म्हणायचे भाऊ तुम्ही?" आर्णी सांगा, घाटंजी सांगा, पांढरकवडा सांगा, काकाजी मान हलवतात. "हाव. आजकाल बाहेरचे फार येऊन राहिले इकडे." काकाजी स्वतः दारव्ह्याचे. पण ते आले तेव्हा इथं तूर होती, म्हणून ते स्थानिक. तुम्ही आलात तेव्हा इथं काकाजी होते, म्हणून तुम्ही बाहेरचे.

मेन लाईन, पाटीपुरा, तलावफैलातल्या जुन्या माणसांच्या हिशेबात हे काकाजीही गावाबाहेरचेच. उमरसरा, लोहारा, वडगाव, वाघापूर या अलीकडपर्यंत ग्रामपंचायती होत्या. हद्दवाढीत त्या नगरपालिकेत आल्या. म्हणजे तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा गावकरी जागचा न हलता शहरात पोचला आणि शहरातला सगळ्यात नवा माणूस ठरला. त्याच्याच वावरात प्लॉट घेतलेली मंडळी आता त्याला सांगतात, म्हशी रस्त्यावर बांधू नका, हा रहिवासी भाग आहे.

बरं, मेन लाईनवाल्यांचं जुनेपण तरी केवढं? 1905 पर्यंत जिल्ह्याचं नावच वणी होतं. कापसानं माणसं ओढून आणली: मारवाडी अडते, जिनिंगचे मजूर, कचेरीतले कारकून. शकुंतला रेल्वेतून गठाणी मूर्तिजापूरकडे जायच्या आणि परतीच्या डब्यात माणसं बसून यायची. शकुंतला थांबली. वर्ध्याहून नवी गाडी 2024 साली कळंबपर्यंत आली. ती यवतमाळला लागली की तिच्यातून उतरणाऱ्यांना बाहेरचे कोण म्हणणार, यावर आमच्या लेआऊटमध्ये आतापासून दावे पडलेत.

लेआऊट म्हटलं की ओपन स्पेस आली. नकाशात ती बगीचा असते. जमिनीवर आधी एक दगड येतो, मग शेंदूर, मग टिनाचं शेड, मग सभामंडप आणि भिंतीवर आमदार निधीची संगमरवरी पाटी. झाडं लावायची राहून जातात. पण खरं सांगायचं तर परक्या माणसाला मोहल्ल्यात मुरवून घ्यायची दुसरी सोय आमच्याकडे नाही. दुर्गोत्सवात कोलकात्यानंतर आपलाच नंबर, असं प्रत्येक यवतमाळकर सांगतो (कोणी मोजलं, हे विचारणारा हमखास अमरावतीचा असतो). पहिल्या नवरात्रात नवा शेजारी वर्गणी देताना कुरकुरतो. दुसऱ्या वर्षी तो मांडवात खुर्च्या लावतो. तिसऱ्या वर्षी हातात पावतीबुक घेऊन पलीकडच्या गल्लीत जातो आणि तिथल्या नव्या घराचं फाटक वाजवून विचारतो, "मूळचे कुठले म्हणायचे?"

2018 च्या उन्हाळ्यात मात्र हे सगळं पुसलं गेलं. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, बेंबळा प्रकल्पाचं पाणी येणार-येणार म्हणता उन्हाळा सरत आला. टँकरच्या पाइपाखाली दारव्हा काय नि दिग्रस काय! ड्रम पुढे कोणाचा, एवढाच प्रश्न उरला. शेजाऱ्यांची खरी ओळख मला तेव्हा झाली. काहींशी अजून बोलणं नाही.

पाहुण्यांच्या बाबतीत तर आमची कीर्ती देशभर पोचलेली. 2019 च्या जानेवारीत इथं झालेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना रीतसर निमंत्रण गेलं आणि नंतर येऊ नका, हेही रीतसर कळवण्यात आलं. उद्घाटन शेवटी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या एका शेतकरी विधवेनं केलं आणि मांडवाची लाज राखली. मूळच्या कुठल्या, हे त्यांना विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

या सगळ्यात मोहल्ल्यावर निस्सीम प्रेम करणारा माणूस मला एकच दिसतो, आणि तो पुण्यात राहतो. वाकडच्या अकराव्या मजल्यावरून तो आमच्या ग्रुपवर रोज सकाळी लिहितो, "आपल्या लेआऊटची काय दशा करून ठेवली बे!" वाकडला समोरच्या दारात कोण राहतं, ते त्याला ठाऊक नाही. इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं शटर कोणत्या रंगाचं होतं, ते पाठ आहे. त्याच्या वडिलांनी घेतलेला प्लॉट अजून रिकामा आहे. त्यावर कमरेएवढं गाजरगवत माजलंय आणि अख्ख्या गल्लीचा कचरा तिथंच पडतो. ग्रुपवर तो ज्या कचऱ्याचे फोटो टाकतो, तो बहुतेक त्याच्याच प्लॉटवरचा असतो.

यंदाची वर्गणी त्यानं ऑनलाइन पाठवली. सोबत सूचना: पावतीवर पत्ता वाकडचा नको, इथलाच टाका, आणि नावापुढे 'मूळ रहिवासी' लिहा. कोषाध्यक्षानं तसं लिहून दिलं. कोषाध्यक्ष मागच्या दिवाळीत उमरखेडहून आलाय.