उपानह् ते वहाण

भोरनजीक उत्रोलीस एका स्नेह्याकडे आषाढात मुक्कामास गेलो असता, भातलावणी पाहण्याच्या हौसेने, नव्या कोऱ्या कोल्हापुरी वहाणा चढवून खाचराच्या बांधावरून मी जी स्वारी काढली, तिचे पर्यवसान डाव्या वहाणेने चिखलात समाधी घेण्यात झाले. आणि एका पायावर उभ्या अवस्थेत, बगळ्यानेही हेवा करावा अशा एकाग्रतेने, 'वहाण' या शब्दाच्या व्युत्पत्तीचे चिंतन माझ्या मनात सुरू झाले. विद्वत्तेला असेच अडचणीचे प्रसंग मानवतात.

संस्कृतात हिचे नाव 'उपानह्'. 'उप' म्हणजे जवळ आणि 'नह्' म्हणजे बांधणे. सबब पायाशी बांधून ठेविलेली ती उपानह्. उन्हाने रेणुकेचे पाय पोळले म्हणून संतापलेल्या जमदग्नीने प्रत्यक्ष सूर्यावर धनुष्य रोखले, तेव्हा त्या तेजोनिधीने छत्र आणि उपानह् नजर करून तह केला, अशी कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. त्या तहनाम्यात उन्हाचा बंदोबस्त चोख आहे. चिखलाचे कलम मात्र घालावयाचे राहून गेले.

पुढे पायांबरोबर शब्दही चालू लागला. घाईत निघालेल्या पोराने डाव्या पायातली उजव्यात चढवावी, त्याप्रमाणे पालीत 'न' आणि 'ह' यांनी जागा बदलून 'उपाहना' केली. कालांतराने 'प' झिजून त्याचा 'व' झाला, आरंभीचा 'उ' वाटेत कोठेसा रुतून बसला, आणि उरली ती वहाण मराठीच्या पायी लागली. फारसी अमदानीत 'पैजार' आली, तिचा उपयोग चालण्यापेक्षा हाणण्याकडे अधिक. 'जोडा' हा शब्द आपण वधूवरांस आणि पादत्राणांस सारख्याच निर्विकारपणे लावतो, आणि कचेरीच्या पायऱ्यांवर झिजतात तेही जोडेच. राहिली चप्पल. तिचे अनेकवचन केले की ती थेट अमरकोशातल्या चपलेच्या, म्हणजे विजेच्या, पंक्तीस बसते. लक्ष्मीलाही संस्कृतात चपलाच म्हणतात. तिघींचे कुळ निराळे असले तरी क्षणात दिसेनासे होण्याचे शील एकच, हे देवळातून अनवाणी परतलेल्या मनुष्यास कोश न उघडताही उमजते.

माझे चिंतन येथवर आले असता, लावणी करणाऱ्या एका वृद्धेने कोपरापर्यंत हात चिखलात घालून माझी वहाण उपसली व बांधावर ठेविली. वहाणेचा अंगठा, शब्दाच्या 'उ'प्रमाणे, खालीच राहिला होता.

"मावशी," मी कळवळून म्हणालो, "अहो, हिचा अर्थच मुळी 'बांधलेली' असा आहे!"

"मंग बांधा की, पाव्हणं!" असे म्हणून तिने रोपांच्या मुठीचा गवती बंद सोडून माझ्या हाती दिला.

'नह्' धातूचा इतका निःसंदिग्ध आज्ञार्थ मी कोणत्याही व्याकरणात वाचला नव्हता. मी मुकाट्याने खाली बसलो आणि बांधली.