रा. रा. अंतरमोजणी यंत्र यांस

रा. रा. अंतरमोजणी यंत्र यांस,
स. न. वि. वि.

बडोदे आणि नेवार्क ही दोन नावं टाकल्याबरोबर आपण उत्तर दिलंत : अंतर सुमारे १२,२०० किलोमीटर, उड्डाणवेळ १४ तास. वा! बडोद्याच्या हरणी विमानतळावरून नेवार्कला विमानच सुटत नाही, ही किरकोळ बाब आपण मनावर घेतली नाहीत, हे बरंच झालं. ऑक्टोबर २०१६मध्ये आमचं नवं टर्मिनल उघडलं. काचा छान आहेत. अमेरिकेला जायला मात्र आधी अमदाबाद नाहीतर मुंबई गाठावी लागते.

आपली रीत सोपी आहे. पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची वाट काढायची, ताशी नऊशेने भागायचं, चढ-उतारासाठी अर्धा तास वर टाकायचा. ही वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया असं करत पार आर्क्टिक वृत्ताच्या जवळ जाते. भारतीय विमानांना पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये आपलं आकाश बंद केलं, अमेरिकी विमानं २०२२पासून रशियावरून जात नाहीत. पण आपल्याला व्हिसाही लागत नाही, तर आकाशाची परवानगी कोण मागणार?

भोगलं ते आमच्या दांडिया बाजारातल्या मावशींनी. लेकीचं बाळंतपण तोंडावर, आणि जावईबापूंनी आपला आकडा प्रमाण मानला. ‘चौदाच तास ना, मग लगेच दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण ठेवू!’ इकडे मावशी वजनकाट्यावर बॅग चढवून लीला चिवडा काढत होत्या, घालत होत्या. तेवीस किलोंच्या वर काटा गेला की गोडा मसाला बाहेर, चिवडा आत. मग मध्यरात्री टॅक्सी, एक्स्प्रेसवे, अमदाबादला तीन तास आधी हजेरी, दोह्याला बसून राहणं. व्हीलचेअर घेतली होती. पाय ठणठणीत आहेत हो, पण ढकलणारा माणूस बरोबर गेटवर नेऊन सोडतो, हे आमच्याकडच्या सगळ्या आज्यांना ठाऊक आहे. दारातून दारात सव्वा दिवस उलटला. त्यात घड्याळ साडेनऊ तास मागे, म्हणून जावईबापूंना तारीख पाहून वाटलं की फारसा वेळ लागलाच नाही! डोहाळजेवणात मावशी पाटाशेजारी बसल्या बसल्या झोपल्या. फोटोत आहे.

आमच्या बडोद्याचे सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले ते बोटीने. किती दिवस समुद्रावर काढायचे, हे निघण्याआधीच माहीत असणार; आपल्यासारखा सल्लागार दरबारी नव्हता, हे महाराजांचं नशीब.

एवढीच विनंती : जिथून विमान सुटत नाही, तिथली वेळ सांगू नका.

कळावे, लोभ नसावा.

ता. क. – मावशींच्या परतीची चौकशी करताना जावईबापूंनी आपल्यालाच विचारलंय. तेव्हा जरा सांभाळून.