आधी नाक बघा, मग आरसा

अहो वहिनी, थांबा की जरा. कपडे वाळत घालून झाले, आता आत पळायची काय घाई? या इकडं, भिंतीपाशी. काल संध्याकाळी भावोजींच्या गाडीवर बसून महाद्वार रोडकडं निघालात, तेव्हाच मी म्हटलं, वहिनींनी चष्म्याचं मनावर घेतलं वाटतं. मला कसं कळलं म्हणजे? परवा भाजीवाल्याकडं मेथीची जुडी हात लांब करून बघत होतात, आणि लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त मला वाचायला लावलात. चाळिशी कुणाला चुकलीय? आमची पुतणी ऑप्टोमेट्रिस्ट आहे ना सांगलीला, ती सांगते, डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं. जवळचं दिसायला त्यानं फुगावं लागतं, ते फुगत नाही. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

मग, पसंत केलात का? नाही? एवढा वेळ बसून? सासूबाई सोनेरी म्हणाल्या, मुलगी जाड काळा म्हणाली आणि भावोजी "कुठलाही घे, पण लवकर घे" म्हणाले, हेच ना! आमच्याकडंही हाच कार्यक्रम असतो. चष्मा एकानं घालायचा आणि पसंतीला बारा जण.

काय म्हणता, दुकानातल्या मुलानं तुमच्या तोंडासमोर मोबाइल धरला आणि म्हणाला, मॅडम, तुमचा फेस राउंड आहे? आणि मग तो तक्ता दाखवला असेल. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, चौकोनी जबड्याला गोल, लांबट चेहऱ्याला उंचीनं मोठी. खोटं नाही हं ते. गोल चेहऱ्यावर गोल चष्मा चढवला की चेहरा आणखी वाटोळा दिसतो, फ्रेमला कोपरे असले की जरा रेखीवपणा येतो. पण मला सांगा, आपल्या कॉलनीत एक तरी चेहरा त्या तक्त्यातल्यासारखा आहे का? तुमचे गाल गोल आणि हनुवटी टोकदार. आमच्या ह्यांचा चेहरा सकाळी लांबट असतो आणि जेवून उठले की गोल. तक्ता सगळ्यात शेवटी बघायचा. आधी नाक, मग नंबर, मग आरसा.

हसताय काय? चष्म्याचं सगळं ओझं नाकावरच असतं. आपल्याकडं पुष्कळांचं नाक वरच्या अंगाला, दोन डोळ्यांच्या मधे, बसकं असतं. माझंही तसंच. त्यावर जाड शेलची फ्रेम, म्हणजे प्लॅस्टिकची, दुकानवाले शेलच म्हणतात, तिला टेकायला जागा मिळत नाही. मग ती घसरून गालांवर बसते. हसलं की गाल वर येतात आणि चष्मा उचलला जातो. काल दुकानात हसून बघितलंत का? नाहीच बघितलं! तिथं सगळे पासपोर्टच्या फोटोसारखं तोंड करून बसतात. चांगलं खळखळून हसा, मान खाली घाला, चप्पल शोधतो तशा वाका. तेवढ्यानं जी फ्रेम घसरते ती वह्या तपासताना काय टिकणार? बसक्या नाकाला धातूची फ्रेम सोयीची. तिची दोन नोज पॅड पकडीनं आत-बाहेर करता येतात. शेलला ती ओतीवच असतात, मग आहे त्यात भागवा.

आणि एक बघा, काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात. तुम्हाला वाचता यायचे नाहीत, मुलीला वाचायला सांगा. ५२, मग छोटासा चौकोन, १८, आणि पुढं १४०. पहिला आकडा एका काचेच्या रुंदीचा, दुसरा नाकावरच्या पुलाचा, तिसरा काडीच्या लांबीचा, सगळं मिलिमीटरमध्ये. ब्लाउजच्या मापासाठी शिंप्याकडं शंभर खेपा घालतो आपण, आणि दिवसभर तोंडावर वागवायची वस्तू मात्र नुसती "छान दिसते" म्हणून उचलतो. तुमचा तो महाबळेश्वरला घेतलेला गॉगल नीट बसतो ना? त्याचे आकडे कागदावर लिहून न्या. दुकानदारही जरा सरळ बसेल.

हळू बोला हं आता. कोपऱ्यावरच्या वकीलकाकांचं सांगते. त्यांचा नंबर मायनस आठच्या पुढं गेलाय. मुलानं मुंबईहून फॅशनची भलीमोठी फ्रेम पाठवली, काकांनी हौसेनं काचा बसवून घेतल्या, आणि कडेला बघावं तर सोडावॉटरच्या बाटलीचं बूड! होणारच तसं. मायनसची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. फ्रेम जेवढी मोठी, तेवढी ती जाड कड शाबूत राहते. त्यात काकांचे डोळे जवळजवळ. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतात ना, पीडी म्हणतात त्याला, ते काकांचं ६०. फ्रेम ५६ आणि १८ ची, बेरीज ७४. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य सात मिलिमीटर नाकाकडं सरकवायला लागला, आणि कानाकडची कड आणखीच फुगली. आता सांगा, यात चेहरा गोल की चौकोनी, याचा संबंध कुठं आला? पुतणीनं त्यांना ४६ ची आटोपशीर फ्रेम सुचवली आणि काच १.६७ इंडेक्सची. साधी काच १.५ ची असते. आकडा वाढला की काच पातळ होते आणि किंमत जाड. काकूंनी किंमत ऐकली, आता महिनाभर त्या घरात दुसरा विषय नाही.

तुमचं तसं नाही. प्लसची काच उलटी, मधे फुगीर, आणि तुमच्या नंबराला ती कुणाच्या लक्षातही यायची नाही. तुमचा प्रश्न वेगळाच आहे. वर्गात फळा बघायचा, मधे कॉम्प्युटरवर हजेरी भरायची आणि खाली वह्या तपासायच्या, म्हणून तुम्हाला प्रोग्रेसिव्ह सांगितलाय ना? मग ती बुटकी, चपटी फ्रेम मनातून काढून टाका. प्रोग्रेसिव्हमध्ये लांबचं वर, कॉम्प्युटरचं मधे आणि वाचायचं खाली असतं. काच फ्रेमच्या मापानं कापतात, तेव्हा फ्रेमची उंची कमी पडली तर नेमका वाचायचा भाग घासला जाऊन जातो. पैसे तीन नंबरांचे मोजायचे आणि वापरायचे दोन! काचेची उंची निदान तीस मिलिमीटरच्या आसपास आहे का, ते पट्टीनं मोजून दाखवायला सांगा. आणि पहिले काही दिवस जिना जपून उतरा. खाली बघितलं की पायऱ्या हलल्यासारख्या वाटतात.

रिमलेस? तुम्हाला समोरच्या बँकवाल्या मॅडमचा आवडला असणार. दिसतो देखणा, नाकारत नाही मी. चेहऱ्यावर काही आहे असं वाटतच नाही. पण त्यात काचेलाच भोकं पाडून स्क्रूनं काड्या बसवलेल्या असतात, आणि त्या मॅडम एका हातानं ओढून चष्मा काढतात, बघितलंय ना तुम्ही? दर दोन महिन्यांनी एक काडी ढिली. तुम्ही वर्गात चष्मा काढून टेबलावर ठेवणार, त्यावर वह्यांचा गठ्ठा पडणार. रिमलेस नको. फारच हौस असेल तर सुप्रा बघा, वरून फ्रेम आणि खालून नायलॉनचा बारीक दोरा असतो तो. दोरा तुटला तर बदलून मिळतो.

तिसऱ्या बंगल्यातल्या नव्या सुनेचा बघितलात? कोपरे वर चढलेले, मांजरीच्या डोळ्यासारखे. तिची सासू नाक मुरडते, म्हणते काय हे नवं खूळ. नवं कसलं? अमेरिकेत अल्टिना शिनासी म्हणून एक बाई होत्या, त्यांनी १९३० च्या दशकात हा आकार काढला. बायकांच्या चष्म्यांना तेव्हा काही रूपच नसायचं. व्हेनिसच्या उत्सवातले मुखवटे आठवून त्यांनी कागदावर तो कातरला. आमच्या आत्याच्या कॉलेजच्या फोटोत तिच्या नाकावर तोच आहे. आणि सासूबाई स्वतः तरुणपणी काय घालत होत्या, ते त्यांच्या अल्बममध्ये बघून घ्या! सुनेला मात्र तो शोभतो हं. तिचा जबडा रुंद आहे, कोपरे वर गेले की नजर वर राहते.

त्या घरावरून आठवलं. त्यांच्या मुलीला पहिल्यांदा बघायला आले, तेव्हा आईनं तिला चष्मा काढायला लावला होता. मायनस पाच! पोरीला समोरचं दिसेना. ती मुलाच्या मित्रालाच मुलगा समजून त्याच्याशी नोकरीपाण्याचं बोलत बसली. पुढच्या वेळी तिनं हट्टानं चांगला ठसठशीत लाल फ्रेमचा घातला, म्हणाली, ज्याला नको त्यानं उठावं. आता बंगळूरला सुखात आहे. लग्नाच्या फोटोतही चष्मा आहे, आणि काचेवर अँटी-ग्लेअर होतं म्हणून फ्लॅशमध्येसुद्धा डोळे दिसतात. मुलगा चष्म्याचा असला की "अभ्यासू" आणि मुलगी असली की "तेवढं लेन्सचं बघा", हे कधी संपणार कोण जाणे.

तुमच्या लेकीलाही मायनस तीन ना? तिच्या फ्रेमच्या वेळी एक लक्षात ठेवा. दुकानातल्या फ्रेममध्ये नुसती डेमोची काच असते, नंबर नसतो. चष्मा काढून नवी फ्रेम घातली की त्या पोरीला आरशात स्वतःचं तोंडच धूसर दिसणार. मग ती मैत्रिणींच्या सांगण्यावर घेऊन येते आणि घरी आल्यावर रडते. फोटो काढा, समोरून आणि बाजूनं, आणि तिचा जुना चष्मा तिला घालून मोबाइलवर दाखवा. भुवया फ्रेमच्या वरच्या रेषेपाशी आहेत का, फ्रेम कानशिलाच्या बाहेर तर जात नाही, बाहुली काचेच्या फार कडेला नाही ना, एवढं फोटोत झटकन कळतं.

रंगाचं विचाराल तर मी सोनेरीच्या विरोधात नाही. पण स्वस्तातल्या धातूच्या फ्रेममध्ये निकेल असतं, आणि उन्हाळ्यात घाम आला की काहींच्या नाकावर आणि कानामागं खाज उठते. तुम्हाला खोट्या कानातल्यांचा त्रास होतो ना, मग हेही होणार. टायटॅनियम घ्या, नाहीतर तो तांबूस तपकिरी शेल. तुमच्या गव्हाळ रंगाला तपकिरी उठून दिसतो. काळाभोर मात्र विचार करून. काळी जाड फ्रेम माणसाच्या आधी खोलीत शिरते. पु. लं.ना शोभली, कारण चष्म्यामागचं हसू चष्म्यापेक्षा मोठं होतं.

आणि खरं सांगू? ज्यांना चष्मा शोभला त्यांनी कुठला तक्ता बघितला होता? आंबेडकरांचा गोल, गांधींचा गोल. गांधीजींच्या एका चष्म्याचं ऐकलंय ना? इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या लिलावगृहाच्या टपालपेटीत कुणीतरी साध्या पाकिटात घालून टाकला होता, अर्धा बाहेर लोंबकळत. २०२० च्या ऑगस्टमध्ये २ लाख ६० हजार पौंडांना गेला, म्हणजे सुमारे अडीच कोटी! आणि स्वच्छ भारतच्या बोधचिन्हातला चष्मा तर आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी काढलाय. नुसत्या दोन काचा आणि एक पूल, चेहरा नाहीच, तरी शेंबड्या पोरालाही कळतं कुणाचा ते. ही माणसं दर दिवाळीला फ्रेम बदलत बसली असती तर कळलं असतं का? म्हणून म्हणते, एकदा नीट निवडा आणि तीच वापरा. शाळेतली पोरं महिन्याभरात तुमचं चित्र काढतील, त्यात तो चष्मा असेल.

ब्लू-कट, म्हणजे ती निळा प्रकाश अडवणारी काच? घेऊ नका असं नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर हात आखडा. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, तिनं २०२३ साली सतरा चाचण्या एकत्र तपासल्या. स्क्रीनपुढं बसून डोळ्यांना येणारा शीण त्या काचेनं कमी होतो असं, थोड्या काळात तरी, काही दिसलं नाही. पुतणी म्हणते, त्यापेक्षा मधेमधे खिडकीबाहेर बघा. तुम्ही तसंही बघताच, आमच्या गेटकडं!

पदरानं पुसायचा नाही हं चष्मा, आत्ताच सांगून ठेवते. पदरावरची धूळ काचेवर ओरखडे काढते. नळाखाली धरा, साबणाचा एक थेंब लावा, मऊ कापडानं टिपा. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलात तर कोटिंग तडकतं. भावोजींचा गेला ना तसा? त्यांनी खापर दुकानदारावर फोडलं होतं.

असं करू, शनिवारी तुमची शाळा सकाळची असते, दुपारी आपण दोघीच जाऊ. भावोजींना आणू नका, ते खुर्चीवर बसून घड्याळ बघतात आणि माणसाला भलतंच घ्यायला लावतात. सासूबाईंना सांगा, सोनेरीही घालून बघते, म्हणजे त्यांचं मन राहील. तो तपकिरी शेल आधी काढायला सांगू, पट्टी मी नेते. तुम्ही फक्त त्या पोरासमोर न लाजता खळखळून हसायचं. आणि तिथं वकीलकाका भेटले तर त्यांच्या फ्रेमबद्दल एक अक्षर काढायचं नाही, मी आधीच बोलून बसलेय.