लग्न सोडून काहीही करा

पंचाहत्तरीच्या माणसाने काय काय करावं, याची यादी समाजाकडे तयार असते. पहाटे प्राणायाम, दुपारी नातवंडं, संध्याकाळी हास्यक्लब, रात्री इसबगोल. या वेळापत्रकात प्रेम कुठे बसवायचं, हा पेच अलीकडे माजी विद्यार्थी मेळाव्यांनी उभा केला आहे.

उदाहरणादाखल एक नाना घेऊ. १९६७ ची जुनी अकरावी, बँकेतून निवृत्त, पत्नी जाऊन काही वर्षं झालेली. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सुप्रभात घालणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना एक ओळखीचं नाव दिसलं. दोन इयत्ता खालची मुलगी. गॅदरिंगच्या नाटकात ती नायिका होती आणि नाना विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करायचे. त्यामुळे सबंध शाळेत नाना तिच्याशी जे काही बोलले, ते सगळं नाटककाराचं. स्वतःचं पहिलं वाक्य बोलायला त्यांना पंचाहत्तरी गाठावी लागली.

प्रकरण उघडकीला आलं ते घड्याळामुळे. न्यू जर्सीतल्या मुलाने नानांच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं आहे. पावलं, झोप, नाडी, सगळं त्याला तिकडे दिसतं. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला नाना बागेतल्या बाकावर बसलेले असताना नाडी १०८ वर जाऊ लागली. बसून १०८! मुलाने आधी डॉक्टरांना फोन केला, मग शेजाऱ्यांना. डॉक्टरांचं निदान चुकलं, शेजाऱ्यांचं बरोबर निघालं.

लगेच दोन्ही घरांची बैठक बसली. न्यू जर्सी व्हिडिओ कॉलवर. मुलाने बायको अ‍ॅपवर शोधलेली, मुलीने घरी न सांगता रजिस्टर लग्न केलेलं. तरी दोघांचं पहिलं वाक्य एकच : ‘‘लोक काय म्हणतील?’’ लोकांवरून विषय पाचच मिनिटांत कोथरूडच्या फ्लॅटवर आला. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे दोन भागांचे तीन. शाळेत भागाकाराला रडणाऱ्या मुलाने हा भागाकार तोंडी केला. ‘‘मग मृत्युपत्र करा की,’’ वकील म्हणाले. पण प्रेमात पडलेल्या माणसाच्या सहीचा काय भरवसा?

नाटकातली ती नायिका म्हणजे आताच्या काकू. त्यांच्या बाजूला वेगळीच अडचण. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्यामागे काकूंना फॅमिली पेन्शन मिळते. पुनर्विवाह केला की ती बंद. अपत्य नसलेल्या विधवेला अटींसह सूट आहे, पण काकूंना दोन मुलगे, म्हणून ती सोयही नाही. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा आणि पुनर्विवाह केला नसल्याचंही लिहून द्यायचं. बाई जिवंत आहे आणि जगण्याचा तिने फारसा फायदा घेतलेला नाही, एवढी खात्री पटली की सरकार निश्चिंत. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. हिशेबाची रीत तेवढी शाबूत राहिली.

मग चमत्कार झाला. संस्कृती बुडाल्याचे मेसेज रोज पहाटे पुढे ढकलणारा काकूंचा धाकटा खाकरून म्हणाला, ‘‘आई, तुम्ही लिव्ह इनमध्ये का राहत नाही?’’ वटपौर्णिमा न चुकवणाऱ्या सुनेने मान डोलावली. न्यू जर्सीहून आवाज आला, ‘‘खरंच नाना, मनं जुळली की झालं. लग्न म्हणजे शेवटी एक कागद.’’ पुण्यात २०१२ पासून ज्येष्ठांच्या लिव्ह इनसाठी संस्थाही आहे, हे तर मुलीने शोधूनच ठेवलं होतं. सात जन्मांच्या गाठीवर श्रद्धा असलेलं अख्खं खानदान, ती गाठ या जन्मी तरी बसू नये म्हणून एकदिलाने उभं राहिलं. सरकारी तिजोरी आणि वारसदार यांचं एवढं मतैक्य दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर झाल्याचं ऐकिवात नाही.

पळून जायचं म्हटलं तर मात्र शासन खंबीरपणे पाठीशी आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या नानांना २०२२ पासून एसटी फुकट, काकूंना अर्धं तिकीट. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पण या गुडघ्यांना तेवढं पळणं पुरे.

काकू इतका वेळ गप्प होत्या. मुलांचं बोलून झाल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘अरे, तेव्हा यांचं स्थळ आलं होतं मला. माझ्या पत्रिकेत मंगळ निघाला आणि ते मोडलं. पण मंगळाची निदान शांत तरी करता येते. तुमची कशी करायची, तेवढं सांगा.’’