पहिल्या नारळाचं मेरिट

"ह्या आरक्षणान देशाची वाट लावली. मेरिट व्हया, मेरिट! जल्मार कोणाक कायएक गावता नये." वेंगुर्ल्याच्या बाजारात चहाची बशी ओठाला लावण्याआधीच अण्णांनी निकाल दिला. समोरून पाठीला बॅग लावून जाणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं, "ह्यो बघ, कोट्यातलो!" आणि घाईने उठले. संध्याकाळी गावची जत्रा. अण्णा पहिले मानकरी, पहिला नारळ त्यांचाच. ते पोचल्याशिवाय पालखी हलत नाही.

हा मान त्यांनी कोणती परीक्षा देऊन मिळवला, असं विचारायचं नसतं. वडिलांकडून त्यांच्याकडे आला, त्यांच्याकडून मुलाकडे जाईल. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली, ओबीसींना क्रीमी लेयरची गाळणी लावली. देवळात शिरताना त्या दोन्ही चपलांसोबत पायरीशीच राहिल्या. आत कोटा १०० टक्के. अण्णांच्या काजू फॅक्टरीचं उत्पन्न पाहून 'आठ लाखांच्या वर गेलात, यंदा नारळ नाही' म्हणणारा तहसीलदार अजून जन्मायचा आहे. एरवी नारळ मिळाला की नोकरी जाते. इथे नारळ मिळतो म्हणजे सात पिढ्यांची नोकरी पक्की.

२६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांसाठी ५० टक्के जागा राखल्या. "सुरवात थयसूनच झाली," असं अण्णा सांगतात. त्याआधीच्या नारळांचा हिशेब ते धरत नाहीत.

अण्णांचा विरोध सरसकट नाही, हेही खरं. २०१४ मध्ये राणे समितीच्या अहवालावरून सरकारने मराठ्यांना १६ टक्के आरक्षण दिलं, तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. मे २०२१ मध्ये न्यायालयाने मराठा आरक्षण रद्द केलं, तेव्हा मेरिट जिंकल्याचा आनंद काही त्यांच्या तोंडावर दिसला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा जीआर निघाला, तो मराठवाड्यासाठी. पण गरजले अण्णा. "आमी शहाण्णव कुळी! कुणबी म्हणान दाखलो घेवचव नाय!" त्याच आठवड्यात त्यांचा पुतण्या जुन्या कुणबी नोंदीसाठी मोडी लिपी वाचणारा माणूस शोधत तहसील कचेरीभोवती फिरत होता. जात वरची हवी, दाखला खालचा चालेल. अण्णांचा मुलगा मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनियर झाला. कोट्याला फीची पावती टाचली की त्याचं मेरिट होतं.

रात्री जत्रेत देवापुढे गाऱ्हाणं सुरू झालं. तिसऱ्याच वाक्याला अण्णा अडखळले. पायरीखालून ढोलवाल्याच्या नातवाने हळूच पुढचा शब्द सांगितला. सकाळचा बॅगवाला तोच. आजोबांच्या बाजूला उभं राहून त्याला अख्खं गाऱ्हाणं पाठ झालंय. तो सांगत गेला, अण्णा म्हणत गेले, गाव 'व्हय म्हाराजा' करत गेला.

पहिला नारळ अण्णांच्या ओंजळीत पडला. पोराने ढोल गळ्यात अडकवला.